पायरीपुरता उजेड

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ताई, शोभेला हवेत की पायाला?"

थोरलीला प्रश्नच कळला नाही.

"असं बघा, बागेत पाहुणे आले, फुलं दिसली पाहिजेत, फोटो झकास आले पाहिजेत, तर ते शोभेचे दिवे. हे फुलपाखरू बघा, हा कंदील, हे तर रंगसुद्धा बदलतात. आणि चालताना पाय कुठे टाकायचा ते दिसायला हवं असेल, तर ते पायाचे. लोक शोभेचे घेऊन जातात, पायऱ्यांवर लावतात आणि मग इथे येऊन मला शिव्या घालतात."

"पायाला," ती म्हणाली. "मागच्या दाराला पाच पायऱ्या आहेत. खाली बाग."

"घरात वयस्कर कोणी?"

"वडील."

"एकटेच असतात?"

तीन महिन्यांत हे उत्तर तिने कितीतरी जणांना दिलं होतं, तरी दर वेळी ते जिभेवर नव्याने जुळवावं लागे. "हो," ती म्हणाली. "आता एकटेच."

फुलपाखरं, कंदील दुकानदाराने हाताने एका बाजूला सारले आणि खालच्या फळीवरून एक साधं खोकं काढलं. काळी दांडी, वर टोपी, टोपीच्या माथ्यावर बिस्किटाएवढं सोलर पॅनल, खाली जमिनीत खुपसायचा प्लास्टिकचा खिळा. उजेड पिवळसर घ्या, तो म्हणाला, पांढरा लांबून झगमगतो पण दगडावर पडला की म्हाताऱ्या डोळ्यांना दिपवतो. उंची घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली, कारण उजेड तोंडावर नको, पावलावर हवा.

"खोक्यावर आठ तास लिहिलंय," ती म्हणाली.

"खोक्यावर काय, लिहिणाऱ्याचं काय जातंय! सहा धरा. ढग असले तर चार. आणि पहिले दोन दिवस नुसतं ऊन पिऊ द्या त्यांना. रोपासारखंच आहे, लावलं की लगेच फूल मागायचं नाही."

आठ दिवे घेऊन ती बाहेर पडली तेव्हा घड्याळात पाव तास झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिने एखादी वस्तू पाव तासात निवडली होती. आणि ती पाव तासात निवडता येत होती, हेच तिला सोसवेना.

थोरली शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. छापायला जाण्याआधी शेवटची नजर तिची. तिच्या हातून चूक सुटत नसे, आणि चूक सुटू नये म्हणून ती कुठलीच गोष्ट चटकन हातावेगळी करत नसे. चमचा घ्यायचा झाला तरी चार दुकानं पालथी घालायची. आई म्हणायची, "हिचं लग्न वेळेवर झालं ते त्याने हिला निवडलं म्हणून. हिच्यावर सोडलं असतं तर अजून यादी चालू असती."

हे दिवे आईनेच मागितले होते. गेल्या वर्षी फोनवर म्हणाली, "अगं, ते उन्हावर चालणारे दिवे असतात ना, जमिनीत खुपसायचे, तसले चार-पाच आण येताना. संध्याकाळी कपडे काढायला जाते तेव्हा पायरी नीट दिसत नाही." थोरली म्हणाली, आणते. त्या खेपेला राहिलं. दुसऱ्यांदा आईने आठवण केली तेव्हा थोरली म्हणाली की बाजारात पन्नास प्रकार आहेत, नीट बघून घेते, नाहीतर पावसाळ्यात पाणी शिरून बंद पडतील. तिने खरंच बघितले. प्रत्येकाचा उजेड किती, बॅटरी किती टिकते, लोकांनी काय लिहिलंय, सगळ्याची यादी केली. तिसऱ्यांदा आई फोनवर हसलीच. "तुझी यादी होईपर्यंत माझे डोळेच जातील बाई!"

डोळे गेले नाहीत. एका संध्याकाळी वाळलेले कपडे खांद्यावर टाकून आई वर येत होती, आणि तिसऱ्या पायरीवर तिचा पाय चुकला. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली असंच सगळे म्हणाले, आणि मग छातीत कफ भरला. अकरा दिवस. त्यातल्या चौथ्या दिवशी थोरलीने विचारलं होतं, "कशी पडलीस गं?" आईने छताकडे बघत सांगितलं, "पायरी दिसली नाही. एवढंच."

एवढंच. ते वाक्य थोरलीने मनात इतक्या वेळा वाचलं होतं की त्याला भोकं पडायची बाकी राहिली होती.

बाबांना आता इथे एकटं ठेवायचं नाही, असं तिचं आणि धाकट्याचं ठरलं होतं. धाकटा, म्हणजे तिचा भाऊ, दूर राहायचा आणि फोनवरून, उंटावर बसून शेळ्या हाकाव्यात तसा, सल्ले द्यायचा. "घेऊनच ये त्यांना. विचारत बसू नकोस." चार दिवसांची रजा काढून ती आली होती. पहिल्याच दिवशी तिने विषय काढला आणि बाबांनी तो खरकट्या ताटासारखा बाजूला सारला.

"मी कुठेही येणार नाही."

"इथे काही झालं म्हणजे?"

"व्हायचं ते झालं."

"बाबा, संध्याकाळ झाली की तुम्ही मागचं दार उघडतसुद्धा नाही. पलीकडच्या काकूंनी सांगितलं मला. कपडे खुर्च्यांवर वाळत घालता. झाडांना पाणी सकाळीच, तेही वरूनच पाइप सोडून. हे काय राहणं झालं?"

शेवटी तिनेच तोड काढली. मागच्या पायऱ्यांवर दिवे लावायचे. अंधार पडल्यावर बाबांनी एकट्याने पाचही पायऱ्या उतरून खाली बागेत जायचं. ते जमलं, तर ती पुन्हा घर सोडायचा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर बाबांनी मुकाट्याने बॅग भरायची.

"आणि धाकट्या साहेबांची परवानगी?" बाबांनी विचारलं.

"त्याला मी बघते."

"मग ठरलं," बाबा म्हणाले. पण त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली आणि तिथून लगेच परत आली.

त्या मागच्या दारावर, चौकटीच्या डोक्याशी, एक दिवा होता. थोरली आली तेव्हा भर दुपारी तो जळत होता. तिला आश्चर्य वाटलं, कारण बाबांनी उभा जन्म वीज खात्यात मीटर वाचण्यात घालवला होता आणि रिकाम्या खोलीतला दिवा त्यांना उघड्या नळासारखा दिसायचा. माणूस न्हाणीघरात असला तरी बाहेरून बटण दाबून मोकळे व्हायचे. आई आतून ओरडायची, "अहो मीटरसाहेब! मी आत आहे! अजून आहे मी!" आणि त्यांचं ते उत्तर ठरलेलं, "मग आवाज करत जा."

थोरलीने दुपारी तो दिवा बंद केला. दहा मिनिटांनी पाहते तर पुन्हा चालू. तिने पुन्हा बंद केला. संध्याकाळच्या चहाला तो परत जळत होता. रात्री फोनवर तिने धाकट्याला हळू आवाजात सांगितलं, "दिवा दिवसभर चालू ठेवतात रे. आपले बाबा!"

"म्हणजे विसरायला लागलेत," धाकटा म्हणाला. "आणच त्यांना."

दिवे लावायला तिने दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरुवात केली. पहिल्याच दिव्याचा प्लास्टिकचा खिळा कडक मातीत वाकला. वरून बाबांचा आवाज आला, "हातोड्याने ठोकू नकोस, मोडेल. आधी माती भिजव. मग पहारीने भोक पाड, मग खिळा."

"तुम्ही खाली येऊन दाखवता का?"

"मी दाखवतोय की. इथून."

तिने माती भिजवली, पहारीने भोकं पाडली. प्रत्येक पायरीच्या कडेला एक असे पाच, आणि खाली लिंबाच्या झाडापर्यंतच्या वाटेवर तीन. पॅनलवरचा पातळ कागद प्रत्येकावरून आठवणीने काढला, टोपीखालचं बारीक बटण नखाने सरकवलं. मग वर येऊन बाबांशेजारी उभं राहून तिने एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली जाऊन दोन दिवे सरळ केले.

कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंचं डोकं वर आलं. "हे काय गं थोरले, विमानं उतरवणार आहात की काय इथे?"

"बाबा उतरणार आहेत, काकू."

"बाई, मग दोन जास्तीचे लाव. तुझ्या बाबांना उतरवणं विमानापेक्षा अवघड!"

बाबा हसले. आई गेल्यापासून थोरलीने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते हसू जसं आलं तसंच, कोणी पाहिलं की काय अशा घाईने, परत गेलं.

त्या संध्याकाळी खाली वाटेवरचे तीन दिवे मिणमिणते का होईना, लागले. पायऱ्यांवरचा एकही लागला नाही. थोरलीला काही वाटलं नाही. दोन दिवस ऊन पिऊ द्या, दुकानदार म्हणालाच होता. पण तिसऱ्या दिवशीही, आभाळ स्वच्छ, ऊन कडकडीत, आणि संध्याकाळी तेच. वाटेवरचे तिन्ही ठणठणीत, पायऱ्यांवरचे पाचही मुके. आता उद्याचा एकच दिवस उरला होता.

ती तिसऱ्या पायरीवर बसली. बटणं पाहिली, टोप्या उघडल्या, बॅटरी काढून परत घातली. वाटेवरचा एक उपटून पायरीजवळ आणला, तोही विझला. पायरीवरचा वाटेवर नेला, तो लागला. हे काय गौडबंगाल? मग सहज, घाम पुसल्यावर हात कुठे ठेवावा म्हणून ठेवावा तसा, तिने तळवा दिव्याच्या माथ्यावर ठेवला. दिवा लागला. तिच्या बोटांखालून पिवळा उजेड पायरीवर सांडला. तिने हात काढला. विझला. ठेवला. लागला.

तिने मान वर केली. दाराच्या चौकटीवर तो दिवा जळत होता. त्याचा उजेड सरळ पाचही पायऱ्यांवर पडत होता, आणि या बिचाऱ्यांना वाटत होतं की अजून दिवसच आहे.

"सापडलं!" ती ओरडलीच. "बाबा, तो वरचा दिवा बंद करा. त्याच्यामुळे यांना अंधार दिसत नाहीये."

बाबा दारात उभे होते. "नाही," ते म्हणाले.

"अहो, दोनच मिनिटं."

"नाही म्हटलं ना."

तिला वाटलं ऐकू आलं नसेल. ती पायऱ्या चढून वर गेली आणि दाराच्या आतल्या भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. बाबांनी तिच्या आधी आपला तळहात त्या बटणावर ठेवला. तो हात हलेना.

"बाबा?"

"त्या दिवशी मीच बंद केला होता," बाबा म्हणाले.

तिने चौकटीवरच्या दिव्याकडे पाहिलं.

"हा. ती खाली होती, कपडे काढत. आत भांड्याचा आवाज आला, मला वाटलं ती वर आली. मांजर होतं. मी इथून जाताना बघितलं, दिवा उगाच जळतोय. केला बंद. विचार नाही केला गं. एवढ्या वर्षांचा हात आहे, आपोआप जातो. बंद केला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बातम्या लावल्या." बाबांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. "आवाज आला तेव्हासुद्धा आधी वाटलं, शेजारी काहीतरी पडलं."

बाहेर वाटेवरचे तीन दिवे निवांत जळत होते.

"तिला ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "येताना दिवा चालू होता, अर्ध्यात गेला, हे तिला कळलं नसेल? अकरा दिवस होती. अकरा दिवसांत एकदाही विचारलं नाही तिने, दिवा कोणी घालवला म्हणून. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. डॉक्टरांसमोर म्हणाली, पायरी दिसली नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, एवढंच."

थोरलीच्या मनात त्या क्षणी एक वाक्य आलं, सबंध, विरामचिन्हांसकट. म्हणजे मी नाही. तीन महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठलं, आणि तिला चक्क हलकं वाटलं. मग समोरचा, बटणावर पंजा दाबून धरलेला, सदऱ्याची एक बाही दुमडलेला म्हातारा तिला दिसला, आणि आपल्याला हलकं कशामुळे वाटलं ते कळलं.

"आईने माझ्याकडे हे दिवे मागितले होते," ती म्हणाली. "तीनदा. मी निवडत बसले."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"फोन ठेवला की मीच तिच्यावर ओरडायचो. पोरीच्या मागे लागू नकोस, तिला तिची कामं असतात. नवे दिवे कशाला हवेत, दारावर दिवा आहे की." बाबा थांबले. "दिवा आहे की, म्हणालो मी."

कोणी कोणाला, तुमची काही चूक नाही, असं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, हे थोरलीला नंतर रात्रभर वाटत राहिलं. पण ते वाक्य तिच्या तोंडून निघेना, आणि निघालं असतं तरी बाबांनी ते घेतलं नसतं. तिने बटणावरचा त्यांचा हात हळूच सोडवला, दिवा तसाच राहू दिला आणि दार लावून घेतलं.

सकाळी उघडायच्या आधीच ती दुकानाच्या पायरीशी उभी होती. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अहो ताई, मग वरचा दिवा बंद करा ना! साधी गोष्ट आहे. उजेडात उजेड कशाला?"

"तो बंद होणार नाही."

"बिघडलाय? माणूस पाठवतो."

"बिघडला नाही. बंद होणार नाही, एवढंच."

दुकानदाराने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. आत जाऊन त्याने दाराजवळच्या उन्हात मांडून ठेवलेले दिवे आणले. "हे न्या. यांचं पॅनल सुटं असतं. अंधार ओळखणारा डोळा त्या पॅनलमध्ये. ही लांब वायर. दिवे पायऱ्यांवर लावा आणि पॅनल घराच्या कोपऱ्याआड, जिथे ऊन पोचेल पण तुमचा तो दिवा पोचणार नाही. मांडून ठेवलेलेच देतो, चार दिवस ऊन खाऊन बसलेत. आज संध्याकाळी लागतील." आणि मग, दुसरीकडे बघत, "तुमचे पाच दिवे परत आणलेत तरी घेईन."

तिने परत दिले नाहीत. ते पाचही तिने कुंपणाच्या कडेने, गुलाबांच्या रांगेत लावून टाकले.

पॅनलची जागा बाबांनी शोधली. समोरच्या दाराने बाहेर पडून, घराला पूर्ण वळसा घालून ते पश्चिमेच्या भिंतीशी आले आणि वर बघत म्हणाले, "इथे. बारा वाजल्यापासून ऊन. आणि दिव्याचा उजेड कोपऱ्याशीच अडतो." भिंतीला भोकं पाडताना त्यांनी तिच्या हातातून यंत्र काढून घेतलं. पॅनल तिने सरळ धरलं तर चिडले. "तिरपं धर, तिरपं! ऊन काय आपल्या सोयीने येतं?"

"किती तिरपं?"

"डोक्यावर पाटी घेतलेली बाई चढ चढताना वाकते ना, तेवढं."

"हे खात्यात शिकवतात?"

"खात्यात मीटर वाचायला शिकवतात. बाकीचं आम्ही उन्हात हिंडून शिकलो."

वायर जोडताना त्यांची बोटं सराईतपणे चालली. थोरलीने वायर पायऱ्यांच्या कडेने, पाय अडकू नये अशी, मातीत पुरत नेली. तिसऱ्या पायरीशी तिला उगाचच जास्त वेळ लागला. बाबा वर उभे राहून तिच्याकडे न बघता लिंबाकडे बघत होते.

संध्याकाळ झाली. दोघं मागच्या दारात उभी राहिली. आधी वाटेवरचे तीन लागले. मग गुलाबांतले, कधी दोन, कधी एक, मुलं शाळेतून सुटल्यासारखे. पायऱ्यांकडे बघून काही कळेना.

"लागले का?" बाबांनी विचारलं.

ती खाली वाकली. "लागलेत. पाचही."

"कळत नाहीये."

खरंच कळत नव्हतं. वरच्या दिव्याचा पांढरा उजेड पायऱ्यांवर एवढा होता की त्यात या पाच जणांचं असणं नसल्यासारखं होतं. टोपीच्या आत डोकावलं तरच ठिणगी दिसायची. थोरलीला वाटलं, असू दे. ती म्हणाली, "लागतात ना, झालं. तो दिवाही असू दे, हेही असू देत. पायरी दिसते, तेवढं पुरे. तुम्ही उतरून तर बघा."

बाबा उतरले नाहीत. ते बराच वेळ तिथे, काटा स्थिर व्हायची वाट बघत मीटरसमोर उभं राहावं तसे, उभे राहिले. मग म्हणाले, "याचा उजेड किती, ते कळायला हवं."

"बाबा, नको. तसंच राहू दे."

ते वळले. आतल्या भिंतीशी गेले. तिला वाटलं, त्यांचा हात बटणावर जाऊन थांबेल. थांबला. मग बटणाचा आवाज झाला.

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही, डोळ्यांपुढे नुसता अंधार आला. मग त्यातून पायऱ्या वर आल्या. पाचही. पिवळसर उजेड जमिनीलगतून दगडावर सरपटत गेला होता आणि प्रत्येक पायरीची कड वेगळी, रेघ मारल्यासारखी उठली होती. तिसऱ्या पायरीला डाव्या बाजूला एक खोलगट भाग होता. गेली कित्येक वर्षं माणसांची पावलं तिथेच पडत आली असणार. तोही दिसत होता. बाकी दाराचा, भिंतीचा, त्या दोघांचा पत्ता नव्हता. फक्त पाय ठेवायची जागा तेवढी दिसत होती.

बाबा परत येऊन तिच्या शेजारी उभे राहिले होते. तिला ते दिसत नव्हते, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"एवढाच लागत होता," ते म्हणाले.

नाही म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. इथे एवढासा उजेड असता, तर वरचा दिवा कोणीही, कितीही वेळा घालवला असता तरी चाललं असतं. पाव तासात निवडता येणारे दिवे. आणि दिवे नसतानाही, कोणी एक बटण दाबलं नसतं तर तेवढंही पुरलं असतं. दोघांनाही ते एकाच वेळी दिसत होतं, स्वच्छ, कडेसकट.

बाबांनी चपला काढल्या. अनवाणी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग दुसरा पाय त्याच्या शेजारी. दुसरी पायरी. तिसरीवर उतरल्यावर ते थांबले. तिने हात पुढे केला होता, तो तिने मागे घेतला. एकट्याने उतरायचं, असं ठरलं होतं, आणि ठरवलं तिनेच होतं. त्यांच्या घोट्यांवर उजेड पडला होता. त्या उजेडात त्यांच्या पायाच्या शिरा, एका नखाचा काळा डाग, पायजम्याची सुटलेली शिवण, सगळं दिसत होतं. वरचा माणूस अंधारात होता. तो रडत होता की नाही, हे तिला कळलं नाही, आणि त्यांनी कळू दिलं नाही.

मग चौथी. मग पाचवी. मग माती.

"उतरलो," खालून आवाज आला.

"हो."

"तुझी गाडी उद्या कितीची?"

"सातची."

"मग जा तू. मी इथे राहतो."

"राहा," ती म्हणाली. शब्द दिला होता. धाकट्याला काय सांगायचं ते ती बघणार होती. पैज बाबांनी जिंकली होती आणि अशी पैज आपण लावायलाच नको होती, असं तिला वाटत होतं.

"वर आल्यावर तो दिवा मी पुन्हा लावणार आहे," बाबा म्हणाले. "दिवसाही. तू काही म्हणू नकोस."

"नाही म्हणणार."

तीही चपला काढून खाली उतरली. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय त्या खोलगट जागेत आपोआप बसला. दगड अजून दिवसभराच्या उन्हाने कोमट होता. ती बाबांजवळ जाऊन उभी राहिली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या लहानपणी ठेवायचे तसा नाही, आधार घेतल्यासारखा, जड. समोर पाच पायऱ्या उजळलेल्या होत्या आणि त्यांच्यावर कोणी नव्हतं. कपड्यांचा ढीग खांद्यावर घेऊन, एका हाताने पदर सावरत कोणी चढत नव्हतं. दोघं बघत राहिली. पाय दुखू लागले, ओल तळव्यांना लागली, पलीकडे काकूंच्या घरातले दिवे एकेक करून गेले. चला आता, असं म्हणायचं दोघांच्याही ओठांवर आलं असेल. पण वर जायला पहिलं पाऊल दोघांपैकी कोणीच उचललं नाही.